स्क्रीनवरचं काम दहा वर्षांनी पुन्हा लावता यावं म्हणून

स्क्रीन, प्रोजेक्टर आणि इंटरनेटवर उभी असलेली कलाकारांची कामं गॅलरीत लावून देणं हा माझा व्यवसाय. कलाकार पेन ड्राइव्ह हातात देतात, ‘सगळं यातच आहे’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. पाच-सात वर्षांनी तेच काम पुन्हा मांडायचं ठरतं, तेव्हा फाइल मिळते, पण ती उघडायची कशात, किती मोठी दाखवायची, आवाज कुठून यायचा, हे कुणालाच आठवत नाही. म्हणून पुढची तयारी काम पूर्ण होईल त्याच आठवड्यात करून ठेवा.

सुरुवात कागद-पेन घेऊन करा. एकच प्रश्न लिहा: यातलं काय बदललं तर हे माझं काम उरणार नाही? उत्तराला दोन दिवस लागले तरी चालतील, बाकी सगळं त्यावरच ठरतं. जर्मन कलाकार हान्स हाके यांनी १९६९ मध्ये ‘न्यूज’ या कामासाठी प्रदर्शनात टेलेक्स यंत्र, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारं यंत्र, ठेवलं. वृत्तसंस्थेच्या बातम्या येतील तशा छापून निघायच्या आणि कागदाचा ढीग जमिनीवर साचत जायचा. पुढे टेलेक्स इतिहासजमा झालं. आता सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात हे काम इंटरनेटवरचा बातम्यांचा फीड (सतत येत राहणारा मजकूर) आणि प्रिंटर वापरून चालतं. माझ्या मते ते तेच काम आहे, कारण बातमी ताजी असणं आणि कागद साचत जाणं, हे दोन्ही शाबूत आहे. उलट मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांचे फ्लॅप-बोर्ड बघा, फिरत्या पट्ट्यांवर अक्षरं बदलणारे. जुन्या रेल्वे स्टेशनांवर असायचे तसले. पट्ट्या फिरताना जी खडखड होते, तिच्यामुळे आपण थांबतो आणि पुढचं अक्षर काय येतंय याची वाट बघतो. त्या जागी एलईडीची पाटी लावली तर शब्द राहतील, काम जाईल.

हे तुम्ही लिहिलं नाहीत तर दुसऱ्यांना ठरवावं लागतं. व्हिडिओ कलेचे जनक मानले जाणारे नाम जून पाइक यांचा १,००३ टीव्हींचा मनोरा दक्षिण कोरियातल्या ग्वाचॉनच्या संग्रहालयात १९८८ पासून उभा आहे. २०१८ मध्ये तो बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. बहुतेक ठिकाणी जुने, काचेच्या नळीचे टीव्हीच दुरुस्त करून किंवा शोधून बसवले, पण वरच्या लहान २६६ टीव्हींच्या जागी एलसीडी आले. पाइक तर २००६ मध्येच गेले होते. तुमच्या कागदावर ‘टीव्ही बदलला तरी चालेल, चौकोनी आकार आणि फुगीर काच मात्र हवीच’ एवढी एक ओळ असली, तरी लावणाऱ्याचे महिने वाचतात.

आता सगळ्यात नाजूक प्रकार: बाहेरून सतत येणाऱ्या मजकुरावर चालणारी कामं. हवामान, शेअरचे भाव, लोकांच्या पोस्ट. ती वाट तुमच्या मालकीची नसते. २०२३ मध्ये ट्विटरने पोस्ट आपोआप उचलू देणारी फुकट सोय काढून घेतली आणि अशी कितीतरी कामं कोरी पडली. मी लावलेलं एक काम ‘पाऊस’ हा शब्द असलेल्या पोस्ट उचलून ओल्या मांजरपाटावर पाडायचं. ते आजही दाखवता येतं, कारण त्या कलाकार मुलीने पहिल्या दिवसापासून आलेली प्रत्येक ओळ साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवली होती. तारीख, सेकंदापर्यंत वेळ, मजकूर. २ जुलै २०१९ च्या पहाटेच्या ओळी वाचा: ‘कुर्ल्यात पाणी भरलंय, निघू नका’, लगेच खाली तेच पुन्हा, मग बराच वेळ काहीच नाही. ते ‘काहीच नाही’सुद्धा वेळेच्या नोंदीमुळेच कळतं. म्हणून नुसता मजकूर साठवून भागत नाही, दोन ओळींमधलं वेळेचं अंतरही साठवा. पोस्ट करणाऱ्यांची नावं मात्र काढून टाका. आणि आधीच ठरवा, की जिवंत फीड बंद पडला तर ही नोंद चालवायची की काम थांबवायचं. थांबवणं हेही उत्तर असू शकतं, फक्त ते तुम्ही द्यायला हवं.

मराठी अक्षरं असतील तर आणखी एक काळजी. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो, म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्येही ठेवा. युनिकोड असूनही काही प्रोग्रॅम देवनागरी नीट जुळवत नाहीत: ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, ‘क्ष’चे तुकडे होतात. परदेशात काम लावणाऱ्या माणसाला हे चुकलंय हे कळणारही नाही. फॉन्टची फाइल सोबत द्या आणि अक्षरं बरोबर दिसतानाचा मोठा, स्पष्ट फोटो छापून जोडा.

व्हिडिओची न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) मूळ प्रत दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात सिलिका जेलसकट बंद डब्यात. वर्षातून एकदा लावून बघा.

रोजच्या चालण्याचाही विचार करा. गॅलरीत सकाळी दार उघडणारे काका एकच बटण दाबणार आणि संध्याकाळी तेच बंद करणार. तेवढ्यावर काम आपोआप सुरू झालं पाहिजे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरत असाल तर अचानक वीज गेल्यावर त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून छोटा यूपीएस आणि हुबेहूब भरलेलं दुसरं कार्ड कामासोबत जाणाऱ्या डब्यातच चिकटवून द्या. संपूर्ण मांडणीचा एक सलग व्हिडिओ घ्या, खोलीत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत, लोक फिरत असताना. त्यातून उजेड, आवाज आणि अंतर हे तिन्ही एकदम कळतं. सूचनांची चार पानंसुद्धा इतकं सांगत नाहीत.

शेवटी हा सगळा डबा अशा मैत्रिणीला द्या जिने काम पाहिलेलं नाही. तिने तो एकटीने लावायचा, तुम्ही गप्प बसायचं. ती जिथे अडेल आणि जे विचारेल, ते सगळं कागदात घाला, आणि मगच डबा कुरिअरला द्या.