क्रोटनचा रंग परत आला तो असा

फोंड्याला आमच्या घरी आतल्या खोलीतलं क्रोटन पावसाळाभर हिरवं पडत गेलं. नवी पानं येत होती, पण लाल-पिवळ्याचा मागमूस नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "खत घाल गो." खताचा इथे काही संबंध नव्हता. क्रोटनला रंग चढतो तो उजेडाने. सावलीत पान हरितद्रव्य वाढवतं आणि बाकीचे रंग झाकले जातात.

चतुर्थी आटोपल्यावर कुंडी पूर्वेच्या खिडकीशी नेली, तीही हळूहळू सरकवत. एकदम उन्हात ठेवलं की पानं करपतात. जागा बदलली की क्रोटन रुसून थोडी पानं गाळतंच, तेव्हा घाबरून पाणी ओतू नये. जुनी पानं फारशी सुधारली नाहीत. नवी मात्र पिवळी फुटली आणि जून होताना शिरांवर लाली आली.

जानेवारीच्या कोरड्या हवेत दुसरंच दुखणं. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके. पांढरा कागद खाली धरून पान झटकलं, तर कागदावरची धूळ चालायला लागली! लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या पाठी नळाच्या धारेखाली धुतल्या, मग पाण्यात थोडं निमतेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारलं. अंडी राहतात, म्हणून आठवड्याने पुन्हा. माझ्या मते धुण्यानेच निम्मं काम होतं.

छाटणी करताना हातमोजे घाला, चीक कातडीला झोंबतो.