फोटोग्राफीच्या कॉलेजात फी नेमकी कशाची भरायची?

बारावीनंतर फोटोग्राफी शिकायची म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, "त्याला कॉलेज कशाला? यूट्यूब आहे की!" प्रश्न रास्त आहे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ ही कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा ते ठरवणारी सेटिंग्ज घरबसल्या जमतात. पदवी सक्तीचीही नाही. सिनेतारकांच्या पोर्ट्रेट्ससाठी गाजलेले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले आणि कॅमेऱ्याकडे आले ते जाहिरात एजन्सीतून. मी मात्र मुंबईत उपयोजित कलेची (जाहिरात, ग्राफिक्स वगैरेसाठीच्या कलेची) पदवी घेतली, त्यात फोटोग्राफी हा विषय निवडला, आणि आता जाहिरातींसाठी वस्तूंचे नि खाद्यपदार्थांचे फोटो काढते.

या वाटेने जायचं तर चार वर्षांचा बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, आणि त्याआधी राज्याची कला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं, कॅमेऱ्याचं काही नाही. अनेक जण इथेच बिचकतात. पण हात चालवायची सवय पुढे रोज उपयोगी पडते, कारण शूटच्या आधी क्लायंटला फ्रेम कागदावरच दाखवावी लागते. थेट फोटोग्राफीचंच शिक्षण हवं असेल तर पुण्यात भारती विद्यापीठाचं स्वतंत्र कॉलेज आहे, आणि पदवीनंतर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) गांधीनगर कॅम्पसमध्ये फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी.

माझी फी वसूल झाली ती स्टुडिओत. काचेची बाटली शूट करा, एवढीच असाइनमेंट. बाटलीवर दिवा मारला की काचेवर पांढरे डाग उमटतात आणि कडा पार्श्वभूमीत विरघळून जातात. मग कळतं की बाटलीवर उजेड टाकायचाच नाही, तिच्या मागचा पांढरा कागद उजळायचा. दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे केले की काचेच्या कडेने बारीक काळी रेघ येते आणि आकार सुटा दिसतो. स्टीलचा तांब्या याहून छळतो. त्यात अख्खी खोली दिसते, ट्रायपॉडसकट तुम्हीही. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड पाव होतो, हे सूत्र पुस्तकात एका ओळीचं आहे. हाताला बसायला दिवे सरकवत संध्याकाळी घालवाव्या लागतात. हजारो रुपयांच्या रिफ्लेक्टरचं (उजेड परतवणाऱ्या पडद्याचं) बरंचसं काम थर्माकोलची शीट करते, हेही तिथेच कळलं.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा कॅमेऱ्यांचं कपाट बघून भारावू नका. स्टुडिओची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. तास संपल्यावर तो उघडा राहतो का? एका दिव्यावर किती मुलं काम करतात? 'सर असतील तेव्हाच' असं उत्तर आलं तर माझ्या मते दुसरं कॉलेज बघा.

दुसरी मिळकत म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर होणारी आपल्या फोटोंची चिरफाड. "ही सावली इथे का आहे?" याला "छान वाटली" हे उत्तर चालत नाही. पुढे जाहिरात कशी दिसावी ते ठरवणारा आर्ट डायरेक्टर हेच विचारतो, तेव्हा त्याच्या मागे बिल थांबलेलं असतं.

कॅमेऱ्याची घाई नको. एक साधी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स सुरुवातीला पुरते. सेकंडहँड बघायला फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारा, सोबत जाणकार न्या. महागाचं सगळं भाड्याने मिळतं.

व्यवहार बहुतेक कॉलेजं शिकवत नाहीत, तो असिस्टंट म्हणून शिकावा लागतो. सुट्टीत कोणाच्या तरी हाताखाली स्टँड उचला, केबल गुंडाळा आणि कान उघडे ठेवा: कोटेशन कसं देतात, अ‍ॅडव्हान्स कधी मागतात, 'अजून दोनच फोटो' म्हणणाऱ्या क्लायंटला काय सांगतात. कायद्याची एक गोष्ट तरी पहिल्या कामाआधी माहीत हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच असतो. म्हणजे फोटो पोर्टफोलिओत लावायचा असेल किंवा क्लायंटने तो वर्षभरच वापरावा असं वाटत असेल, तर ते कोटेशनमध्येच लिहा आणि शूटच्या आधी ईमेलवर होकार मागवून घ्या.