गोठवलेल्या सीरमचं कोलेस्टेरॉल कमी येत असेल तर

मशीनला दोष देण्याआधी नळी उजेडात धरून बघा. वितळलेल्या सीरममध्ये (रक्त साकळल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) वर फिकट, पाणीदार थर आणि तळाशी गडद थर दिसतो. मशीनची सुई वरचंच उचलते, म्हणून आकडा कमी येतो. उपाय साधा: पूर्ण वितळू द्या, मग नळी 8-10 वेळा हळुवार उलटीपालटी करा. फेस नको. आमची तफावत एवढ्यानेच गेली.

साठवताना सीरम रक्तपेशींपासून लवकर वेगळं करून छोट्या नळ्यांत भरा. पुन्हा गोठवणं टाळा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर तर नकोच, तो गुपचूप तापमान वरखाली करतो. महिनोन्‌महिने ठेवायचं तर उणे 70 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त असलेला दुधाळ नमुना मात्र ताजाच तपासा. गोठवल्यावर त्यातले मोठे लिपोप्रोटीन (चरबी वाहून नेणारे) कण फुटतात.