'१९८४' मधल्या प्रतीकांवर लिहिताय? या चुका टाळा

जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' या कादंबरीवरच्या ज्युनियर्सच्या असाइनमेंट वाचून द्यायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं आणि दरवर्षी पहिल्याच पानावर तेच, पेपरवेट म्हणजे भूतकाळ, बिग ब्रदर (कादंबरीतल्या हुकूमशाही पक्षाचा सर्वोच्च नेता) म्हणजे स्टॅलिन, संपला विषय. चूक नाहीये हो, पण एवढं तर गाईडमध्येही असतं, मग कादंबरी कशाला वाचली?

पेपरवेटचंच घ्या. कादंबरीचा नायक विन्स्टन तो चॅरिंग्टनच्या जुन्यापान्या सामानाच्या दुकानातून ४ डॉलरला घेतो, काचेच्या आत गुलाबी पोवळं. तेव्हा त्याला भुरळ पडते ती एवढ्याचीच की ही वस्तू आताच्या जमान्यातली नाही आणि बिनकामाची आहे. पुढे त्याच दुकानाच्या वरच्या खोलीत प्रेयसी ज्युलियासोबत असताना त्याला वाटायला लागतं की पेपरवेट म्हणजे ही खोली आणि आतलं पोवळं म्हणजे आपलं दोघांचं आयुष्य. मग धाड पडते, कोणीतरी तो आपटून फोडतं, पोवळ्याचा तुकडा केकवरच्या साखरेच्या कळीसारखा घरंगळत जातो आणि विन्स्टनच्या मनात काय येतं, तर हे किती छोटंसं होतं! गोल काचेमुळे मोठं दिसत होतं ना इतके दिवस. 'भूतकाळ' एवढं लिहून पुढे गेलात तर हे सगळंच हातचं गेलं.

दुसरं, लाल दिसलं की लगेच कम्युनिझम लिहू नका प्लीज. ज्युलियाच्या कमरेचा लाल पट्टा ज्युनियर अँटी-सेक्स लीगचा, म्हणजे ब्रह्मचर्याचा प्रचार करणाऱ्या तरुणांच्या संघटनेचा, पण बांधलाय असा की बांधा उठून दिसावा, आणि जंगलात आल्यावर ती तोच ओढून काढून फांदीवर भिरकावते. रंगापेक्षा त्या पट्ट्याचं ती काय करते ते लिहा.

त्याच खोलीतलं चर्चचं चित्र 'आशेचं प्रतीक' म्हणणारेही असतात, तर टेलिस्क्रीन, म्हणजे लोकांवर पाळत ठेवणारा पडदा, त्याच्याच मागे लपवलेला असतो. आणि 'बिग बॉस'चा पॅराग्राफ नको, ते नाव आपल्याकडे 'बिग ब्रदर' नावाच्या डच रिॲलिटी शोच्या वळणाने आलंय.

पहिल्याच वाक्यात घड्याळात १३ चे ठोके पडतात, त्यावर 'तेरा अशुभ' असं पानभर लिहिलेलं मी वाचलंय. अहो तिथे २४ तासांचं घड्याळ चालतं! अडकलात की ती वस्तू आणखी कुठे येते ती पानं शोधून शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे दिसेल की चॅरिंग्टनच्या खोलीत जुनं १२ आकड्यांचं घड्याळ टिकटिकतंय. ही दोन घड्याळं आजवर एकाच पोरीने जोडून दाखवली, आणि ती प्रस्तावना लिहायलाच विसरली होती.