तुराटी, पऱ्हाटी आणि डब्याच्या चुलीवरची खिचडी

रसगुल्ल्याचा एक किलोचा रिकामा टिनाचा डबा मिळाला की दोघांच्या खिचडीपुरती चूल झाली. झाकण कटरने पूर्ण काढा. डब्यात ओली वाळू ठासून भरा, म्हणजे खिळा ठोकताना पत्रा चेपत नाही. बुडाला पाच-सहा भोकं, बुडाजवळ कडेने दहा-बारा आणि वरच्या काठाखाली तेवढीच. काड्या सारायला एका बाजूला तीन बोटं रुंद खिडकी कापून तिच्या कडा पकडीने आत वळवा.

वरची भोकं टाळू नका. पातेलं काठावर सपाट बसलं की आग कोंडते आणि दोष लाकडाला दिला जातो. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. खालून हवा आणि वरून वाट मिळाली की त्यातला बराचसा धूर आतच पेटतो. घरून निघण्यापूर्वी डबा एकदा उघड्यावर नुसता पेटवून त्याचा रंग, व्हार्निश जाळून टाका.

हिवाळ्यात नागपूरहून रामटेककडे किंवा काटोलकडे सायकलने निघालं की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तुराट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या) रचलेल्या दिसतात. शेताच्या मालकाला विचारूनच काखेत मावतील एवढ्या घ्या. दोन्हींचा स्वभाव वेगळा. तुराटी चटकन पेटते, मोठी ज्वाळा देते आणि तितक्याच लवकर संपते. पऱ्हाटीचा बुंधा उशिरा धरतो, पण त्याचा निखारा टिकतो. म्हणून आधण येईपर्यंत तुराटी, नंतर पऱ्हाटी. काडी वाकली तर ओली. कट्‌कन मोडली तरच घ्या. कण्हेरीची मात्र एकही काडी नको, तिचा धूरही विषारी असतो.

एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ धुऊन थांबण्याच्या अर्धा तास आधी दुसऱ्या डब्यात भिजत घाला. चुलीचा डबा तीन दगडांवर ठेवा. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या, काजळी त्या मातीसोबत धुऊन निघते. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, तिखट, एक आलू. मग तांदूळ-डाळ, मीठ आणि चार वाट्या पाणी. उकळी आली की झाकण ठेवून एकेक काडी पुढे सारत राहा. साधारण वीस मिनिटं लागतात. उतरवल्यावर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरा. सोबत जवसाची चटणी असेल तर दुसरं काही लागत नाही.

ही चूल पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पेटवायची नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि मोहफुलं वेचताना पाचोळ्याला लावलेल्या आगी किती पसरतात हे इथल्या गावांना चांगलं ठाऊक आहे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तर मी शेतातही चूल मांडत नाही, घरून दशम्या नेते. हिवाळ्यातही चुलीभोवती दोन हात जागा गवत काढून मोकळी करा आणि पाण्याची भरलेली बाटली आधी बाजूला ठेवा, मगच काडी ओढा. जेवण झालं की राखेवर पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता. हात ठेवून पाहा. कोमट लागली तरी अजून पाणी हवं.