हवामानाचं इंग्रजी पत्रक टर्मिनलमधून मराठीत कसं आणावं

जून उजाडला की आमच्या परभणीकडच्या गावात रोज सकाळी एकच विचारणा असते: आज फवारणी करावी का थांबावं? वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मराठीत असतो आणि चांगला असतो, पण तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मधल्या दिवसांत हवामान विभागाचं देशभराचं इंग्रजी पत्रक बघावं लागतं. त्यात मराठवाडा हा स्वतंत्र उपविभाग असतो, म्हणजे आपल्या कामाच्या ओळी चार-पाचच. त्या मराठीत आणायला मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीत, ‘ट्रान्स’ नावाची आज्ञा वापरतो.

या आज्ञेमागच्या प्रोग्रॅमचं नाव ट्रान्सलेट-शेल. तो स्वतः भाषांतर करत नाही. तुमचा मजकूर इंटरनेटवरून गूगल ट्रान्सलेटसारख्या सेवेकडे पाठवतो आणि आलेलं उत्तर टर्मिनलमध्ये दाखवतो. ब्राउझर उघडायला नको, जाहिराती नकोत. जुन्या, मंद संगणकावरही काम भागतं. नेट मात्र लागतंच.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

संगणकावर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली असेल तर आधी हे चालवा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ट्रान्सलेट-शेल

विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवून त्यात उबुंटू घ्यावं, म्हणजे पुढचं सगळं सारखंच.

आता एक शब्द विचारून बघा:

ट्रान्स ईएन:एमआर ड्रिझल

ईएन म्हणजे इंग्रजी, एमआर म्हणजे मराठी. अपूर्णविरामाच्या डावीकडे मूळ भाषा, उजवीकडे हवी ती भाषा, आणि मध्ये जागा सोडायची नाही. एकट्या शब्दाला बहुधा सविस्तर उत्तर येतं: अर्थ, तो शब्द नाम आहे की क्रियापद, आणि पर्यायी शब्द. नवीन शब्द भेटला की हे सविस्तर रूपच वाचावं. पहिला अर्थ आपल्या कामाचा असेलच असं नाही, तो अनेकदा तिसऱ्या-चौथ्या पर्यायात सापडतो.

पूर्ण वाक्याला एवढा पसारा नको असतो. तिथे ‘-बी’ जोडा, म्हणजे फक्त भाषांतर येतं:

ट्रान्स -बी ईएन:एमआर "आयसोलेटेड हेवी रेनफॉल ओव्हर मराठवाडा"

अवतरण चिन्हं विसरू नका. ती नसली तर प्रत्येक शब्दाचं वेगवेगळं भाषांतर होतं आणि वाक्याचा चुराडा होतो.

खरं काम इथून पुढे आहे. वरच्या वाक्यातल्या ‘आयसोलेटेड’चा शब्दकोशातला अर्थ एकटं, वेगळं पडलेलं. यंत्राने ‘वेगळ्या ठिकाणी मुसळधार पाऊस’ असं दिलं तर व्याकरणात काही चुकलेलं नसतं, पण शेतकऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. हवामान विभागाच्या भाषेत हा मोजमापाचा शब्द आहे: उपविभागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. मराठी सल्ल्यात त्याला ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात आणि तो शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो. ‘स्कॅटर्ड’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘फेअरली वाइडस्प्रेड’ म्हणजे 51 ते 75 आणि ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे त्याहून जास्त.

‘हेवी’चंही तसंच. हवामान विभागाच्या हिशोबात 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे हेवी, 204.4 पर्यंत व्हेरी हेवी आणि त्याच्या वर एक्स्ट्रीमली हेवी. आपल्याकडे ‘अतिवृष्टी’ या शब्दाला महसुली वजन आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पुढे पंचनामे आणि मदत त्याच शब्दावर चालते. म्हणून यंत्राने ‘एक्स्ट्रीमली हेवी’ला अतिवृष्टी म्हटलं तर मी तो शब्द काढून टाकतो आणि मिलिमीटरचा आकडाच लिहितो. अंदाज वाचून कोणी नुकसानभरपाईची आशा धरावी किंवा सोडावी, असं माझ्या हातून व्हायला नको.

यासाठी एक साधी मजकूर फाईल ठेवा: एका ओळीत पत्रकातला इंग्रजी शब्द, त्याच्यापुढे आपला शब्द. माझ्या फाईलमध्ये पन्नासच्या आसपास ओळी झाल्या आहेत. भाषांतर आलं की आधी त्या यादीशी ताडून बघतो.

उलट दिशाही तपासावी. आलेलं मराठी वाक्य परत द्या, पण या वेळी एमआर:ईएन लिहा. परत आलेल्या इंग्रजीत ‘नाही’ गळलं असेल, तारीख बदलली असेल किंवा जिल्हा हरवला असेल तर ते लगेच दिसतं. शंका राहिली तर ‘-ई बिंग’ जोडून बिंग या दुसऱ्या भाषांतर सेवेला तेच वाक्य विचारा. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर मूळ इंग्रजी स्वतः पुन्हा वाचायचं. ‘वाफसा’, ‘झड’, ‘रान चिभडणे’ असे शब्द मात्र इंग्रजीत न्यायचा हट्ट धरू नका. वाफसा म्हणजे जमिनीत पाय किंवा औत घालण्याजोगी ओल, हे एका इंग्रजी शब्दात मावत नाही. ते वाक्यात उलगडून लिहा, मग भाषांतर करा.

अख्खं पत्रक असेल तर त्यातला मजकूर फाईलमध्ये ठेवून:

ट्रान्स -बी ईएन:एमआर -आय मूळ.टीएक्सटी -ओ मराठी.टीएक्सटी

‘-आय’पुढे आत जाणारी फाईल, ‘-ओ’पुढे बाहेर येणारी. काही टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटलेली दिसतात. तो दोष दाखवण्याचा असतो, मजकूर शाबूत असतो. फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की अक्षरं नीट दिसतात. खूप मोठी फाईल एकदम देऊ नका, कारण लागोपाठ विनंत्या गेल्या तर सेवा काही वेळ उत्तर देणं थांबवू शकते. एकामागून एक शब्द विचारायचे असतील तर ‘ट्रान्स -शेल ईएन:एमआर’ चालवा, शब्द लिहा, एंटर दाबा. बाहेर पडायला कंट्रोल आणि डी.

सातबारा, आधार क्रमांक, बँकेचा कागद यात घालू नका. मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो.

भाषांतर तयार झालं की गटावर टाकण्याआधी मी ते आईला वाचून दाखवतो. तिने साठ पावसाळे शेतात काढलेत. ती जिथे “म्हंजी?” म्हणून थांबते, तो शब्द मी बदलतो आणि यादीत नवी ओळ घालतो.