मागच्या जन्माचा हिशेब आणि आजची पेरणी: कर्म समजून घेताना या चुका टाळा

लातूरच्या आमच्या सकाळच्या योगवर्गात आसनं संपली की दहा-पंधरा मिनिटं पातंजल योगसूत्रातलं एखादं सूत्र वाचायची पद्धत आहे. श्वासावरचं सूत्र असलं तर सगळे शांत ऐकतात. कर्मावरचं निघालं की एरवी तोंड न उघडणारी माणसंही बोलू लागतात. हा शब्द प्रत्येकाच्या घरातला आहे ना. बोअरला पाणी लागलं नाही, पोराचं लग्न जमेना, सोयाबीन ऐन काढणीला भिजलं, की तोंडातून निघतंच: ‘कर्म आमचं!’ या एका उद्गारात किती गैरसमज दडलेत, आणि त्यांच्यापायी माणूस कसा हातपाय गाळून बसतो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

चुकांकडे वळण्याआधी योगसूत्राच्या दुसऱ्या पादातलं, म्हणजे प्रकरणातलं, सोळावं सूत्र सांगते: ‘हेयं दुःखमनागतम्’. जे दुःख अजून आलेलं नाही, ते टाळण्यासारखं आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, म्हणजे व्यासांच्या टीकेत, याचा खुलासा सरळ आहे. गेलेलं दुःख भोगून संपलं. आत्ताचं दुःख या क्षणी भोगात आहेच. मग टाळायला उरलं काय? पुढचं. योगशास्त्रात कर्माचा विचार केला आहे तो या पुढच्यासाठी. आपण मात्र तो जवळजवळ नेहमी मागच्यासाठी वापरतो, आणि बाकीच्या चुका बहुतेक यातूनच निघतात.

दुसऱ्याच्या दुःखाचं कारण त्याच्या कर्मात शोधणं

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीच्या परिसरात धरणी हलली. गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. त्यानंतर ‘त्या गावांचं पाप भरलं होतं’ असं बोलणारी माणसं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वजन अंगावर कोसळल्यामुळे. तशी घरं लातूर-धाराशिव भागात पिढ्यानपिढ्या बांधली जात होती. पाप शोधणाऱ्याला भिंत दिसत नाही, आणि मग पुढचं घर कसं बांधायचं हा प्रश्नही त्याला पडत नाही.

शेतकऱ्यानं जीव दिलेल्या घरात हेच घडतं. भेटायला आलेले नातेवाईक त्या बाईला ‘तुझं पूर्वसंचित गं’ म्हणून जातात. त्यांना वाटतं, आपण समजूत घातली.

शास्त्र काय म्हणतं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान (कर्म जिथे घडतं तो आधार), कर्ता, करण (साधनं), वेगवेगळ्या चेष्टा (हालचाली) आणि पाचवं दैव. दैव आहे, पण पाचातलं एक. आणि योगसूत्राच्या पहिल्या पादात दुःखी माणसाशी कसं वागायचं ते एका शब्दात येतं: करुणा. त्याचा मागचा जन्म तपासा, असं तिथे कुठेही नाही. उलट भाष्यात एक जागा आहे जी वाचताना मला दर वेळी दचकायला होतं. घाबरलेला, आजारी, दीनवाणा, आपल्यावर विश्वास टाकून आलेला, अशा माणसाला जो पुन्हा पुन्हा दुखावतो, त्याचं ते कर्म लगेच पिकतं, असं भाष्यकार म्हणतात. म्हणजे त्या बाईसमोर बसून तिचं कर्म सांगणाऱ्यानं आधी स्वतःच्या कर्माची काळजी करावी.

अशा घरी जाल तेव्हा डबा घेऊन जा. बँकेची आणि सोसायटीची कागदपत्रं वाचून द्या, मदतीच्या अर्जाला काय जोडायचं ते तहसीलला विचारून या. पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय बघा. बोलायचंच झालं तर तिला बोलू द्या.

‘जाति’ शब्दाचा भलताच अर्थ लावणं

सूत्रात म्हटलं आहे की क्लेशांचं, म्हणजे अज्ञान, मीपणा, आसक्ती, द्वेष अशा मनाच्या दोषांचं, मूळ शिल्लक असेतो कर्म तीन प्रकारे पिकतं: जाति, आयुष्य आणि भोग. इथे कुणीतरी हमखास म्हणतो, ‘बघा, म्हणजे जात कर्मानं मिळते.’ नाही. इथे जाति म्हणजे जन्माचा प्रकार, देव, माणूस, पशू असा. त्यातून गावकुसाबाहेर कुणाला ठेवायचं याचा परवाना काढणं हा शब्दाशीही अन्याय आहे आणि माणसांशीही. मराठवाड्यात या गोष्टीची किंमत लोकांनी रक्तानं मोजली आहे. माझ्या वर्गात हा मुद्दा मी चर्चेला ठेवत नाही, सांगून पुढे जाते.

सगळंच प्रारब्ध समजून हात टेकणं

संचित (साठलेलं कर्म), प्रारब्ध (फळ द्यायला लागलेलं), क्रियमाण (आत्ता करतोय ते) हे शब्द आपल्याकडे कीर्तनातून घरोघरी पोचले आहेत. ते मुख्यतः वेदान्ताच्या मांडणीतले. पतंजलींचा शब्द आहे कर्माशय, म्हणजे कर्माचा साठा. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: सुटलेला बाण परत येत नाही, पण हातातला बाण अजून हातात आहे. आमच्या वर्गातल्या एका काकांनी ‘शुगर प्रारब्धातच होती’ म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. शुगर होणं प्रारब्ध असेलही. गोळी न घेणं हे आजचं कर्म आहे, आणि त्याचं फळ त्यांच्या पायाच्या जखमेत दोन महिन्यांत दिसलं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध चालू ठेवून मग ध्यानाला बसा, एवढंच मी त्यांना म्हणाले.

याच संदर्भात चौथ्या पादातलं एक सूत्र माझ्या फार आवडीचं आहे, कारण त्यात शेतकरी आहे. ‘क्षेत्रिकवत्’ हा त्यातला शब्द. भाष्यात त्याचं चित्र येतं. शेतकऱ्याला एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात न्यायचं असतं. तो ओंजळीनं पाणी वाहून नेत नाही. मध्ये असलेला मातीचा अडसर तेवढा फोडतो, पाणी आपणहून वाहतं. रात्री-अपरात्री लाइट आली की बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं सत्कर्म फळ ‘तयार’ करत नाही, ते अडसर काढतं. वाहण्याचा स्वभाव पाण्याचाच. म्हणून ‘माझ्यानं काय होणार’ हा प्रश्नच चुकीचा पडतो. पाणी ओढायला कुणी सांगितलंय? आज कुठला अडसर आपल्या हाताच्या टप्प्यात आहे, एवढंच बघायचं.

पाप-पुण्याची वजाबाकी करणं

वर्षभर मापात मारायचं आणि आषाढात अन्नदान करायचं. एक पारायण केलं की एक खोटं फिटलं, असा हिशेब. योगसूत्रात कर्म चार रंगांचं आहे: काळं, पांढरं, काळं-पांढरं मिसळलेलं, आणि योग्याचं ना काळं ना पांढरं. पांढरं काळ्याला सहज पुसून टाकतं, अशा भरवशावर वर्षभर काळं करायची सोय शास्त्रानं ठेवलेली नाही. मापात मारताना मनावर लोभाचा जो संस्कार बसतो, तो पुढच्या वेळी मापात मारणं आणखी सोपं करतो, मधे कितीही पंगती उठल्या तरी. अन्नदान करा, जरूर करा. पण काटा आधी दुरुस्त करा.

याच्याच शेजारची एक चूक म्हणजे ‘फळाची अपेक्षा नको’ याचा अर्थ ‘कसंही केलं तरी चालतं’ असा घेणं. हे ज्या गीतेच्या ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ श्लोकातून घेतात, त्याच श्लोकाचा शेवट आहे की कर्म न करण्याचीही ओढ नको. इथे जास्त सांगायला नको.

‘मी कुठं केलं?’ म्हणून मोकळं होणं

मला ही चूक सगळ्यात घातक वाटते, कारण ती सज्जन माणसं करतात.

सूत्र 2.34 मध्ये हिंसा वगैरे दोष तीन प्रकारचे सांगितले आहेत: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसरा करत असताना मान डोलावलेलं. त्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि प्रत्येकाचं प्रमाण सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतं. भाष्यकार तर एकट्या हिंसेचे 81 प्रकार मोजून दाखवतात.

आता आपल्याकडचं लग्न डोळ्यांपुढे आणा. ‘आम्ही काही मागितलं नाही हो, त्यांनी हौसेनं दिलं.’ मागणी मामानं केलेली असते, आकडा मध्यस्थानं सांगितलेला असतो. नवरदेवाचे वडील, शिकलेले, माळकरी, फक्त गप्प बसलेले असतात. मुलीच्या बापानं त्यासाठी दोन एकर विकलेले असतात किंवा सावकाराकडून पैसे उचललेले असतात. या गप्प बसण्याला सूत्रात नाव आहे, अनुमोदित. आणि ते साठ्यात जमा होतं.

एकदा हे वाचल्यावर वर्गातल्या एक ताई म्हणाल्या, ‘मॅडम, मग तर सुटका कुणाचीच नाही.’ मला तसं वाटत नाही. हे सूत्र भीती घालायला नाही, जागा दाखवायला आहे. स्वतः करत नसाल तर करवणं थांबवा. करवतही नसाल तर मान डोलावणं थांबवा. बैठकीत एकच वाक्य बोलायचं असतं: ‘आम्हाला काही नको, आणि हे सगळ्यांसमोर सांगतो.’ ते बोलायला किती जड जातं, यावरून कळतं की लोभ आणि भिडेचा संस्कार किती खोल आहे. त्या ताईंनी दिराच्या मुलाच्या बैठकीत ते वाक्य उच्चारलं. घरात दोन महिने अबोला होता.

राग दाबला म्हणजे कर्म सुधारलं, असं मानणं

हे मला एका तात्यांमुळे नीट कळलं. औसा तालुक्यात शेती, मुलाकडे लातूरला राहून सकाळी वर्गाला यायचे. चुलत भावाशी बांधाचं भांडण. भाऊ दरवर्षी नांगरताना बांध कोरतो, एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत येतो. अकरा वर्षं झाली होती. कोर्टात तारखा चालूच.

तात्यांनी प्राणायाम मनापासून केला. बांधावर गेले की दात आवळून गप्प बसायचे. रात्री झोप यायची नाही. म्हणाले, ‘मॅडम, चार महिने झाले, राग काय जाईना. म्या काय चुकलो?’

भाष्यात एक चक्र सांगितलं आहे. वृत्तीतून, म्हणजे मनात उठणाऱ्या तरंगातून, संस्कार घडतो, संस्कारातून पुन्हा वृत्ती उठते, आणि हे रात्रंदिवस फिरत राहतं. तात्यांची गोष्ट तशीच होती. बांध दिसला की आठवण उठायची, आठवणीतून संताप, संतापातून एखादा टोमणा किंवा गावात केलेली निंदा, आणि त्यातून सल आणखी घट्ट. तात्यांनी टोमणा थांबवला होता, पण रात्री मनातल्या मनात तोच टोमणा शंभरदा मारत होते. मनातलं कर्मही संस्कार टाकतंच.

यावरचा उपाय आहे प्रतिपक्षभावन, म्हणजे दोषाच्या उलट बाजूचा विचार मनात आणणं. पण इथेही एक फसगत होते. तात्या आधी ‘माझा भाऊ चांगला आहे’ असं घोकत होते. ते त्यांना स्वतःलाच खोटं वाटत होतं, मग मनात कसं रुजणार? सूत्रात प्रतिपक्ष म्हणजे गोड बोलणं नव्हे. या दोषाचं फळ दुःख आणि अज्ञान आहे आणि त्या फळाला अंत नाही, हे स्पष्ट बघणं. म्हणून मी त्यांना वही घ्यायला लावली. अकरा वर्षांत वकिलाला किती गेले, औशाच्या खेपा किती, झोप किती गेली. त्या पट्टीच्या जमिनीच्या दोनदा किमतीएवढा खर्च निघाला. आणि शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं: दोघांची पोरं एका शाळेत होती, आता एकमेकांकडे बघत नाहीत. तो आकडा नव्हता. ते वाचून मात्र तात्या बराच वेळ बोलले नाहीत.

मग रोजचं काम ठरवलं, अगदी लहान. रात्री मनात टोमणा उठला की उठू द्यायचा, त्याच्याशी भांडायचं नाही. वहीतली ती शेवटची ओळ आठवायची आणि श्वासाकडे यायचं. सरकारी मोजणीचा अर्ज मागे घ्यायचा नाही, हद्द कायद्यानं ठरू द्यायची. पण गावात पारावर भावाचा विषय आपण काढायचा नाही आणि दुसऱ्यानं काढला तर मान डोलवायची नाही.

क्लेशांबद्दल भाष्यात भाजलेल्या बीचा दाखला आहे. भाजलेलं बी पेरलं तरी कोंब फुटत नाही. मी वर्गात फुटाणा हातावर ठेवून हे सांगते. हरभराच तो, रंग-रूप जवळजवळ तेच, पण पेरून बघा. राग दाबणं म्हणजे बी मातीत आणखी खोल पुरणं, पाऊस पडला की ते उगवणार. वृत्ती उठताक्षणी तिचं फळ स्पष्ट बघणं म्हणजे आधी तिचा जोर मोडणं. पूर्ण भाजून निघायला पुढे विवेकाची आच लागते.

आणि याला वेळ लागतो. अभ्यास घट्ट कसा होतो, त्यासाठी सूत्रात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणं, आणि मनापासूनचा आदर. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं म्हणून तुरीकडे तीच अपेक्षा धरून चालत नाही, हे ज्यांना शेतात पटतं त्यांना मनाच्या बाबतीत मात्र चार महिने फार वाटतात. अकरा वर्षांच्या सलाला चार महिने!

तात्यांनी पुढच्या येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात कोप (कडब्याची खोपी) केली, पांडवांची पूजा झाली, भज्जी आणि आंबील झाली. आणि चुलत भावाला बांधापर्यंत चालत जाऊन जेवायला बोलावलं. तो आला नाही. बांधही त्या वर्षी एक तास कोरला गेलाच. मोजणी अजून व्हायची होती. त्याच्या पुढच्या वर्षी तात्यांनी पुन्हा जाऊन बोलावलं.